एकविसाच्या आत

"आधी तिला बोलू दे," विष्णुपंत दाराशी हळू आवाजात म्हणाले. "मग तू सांग. काही वगळू नकोस. आणि ती काही बोललीच, तर ऐकून घे."

"ऐकीन सर. त्यासाठीच तर आलोय," जोतीराम म्हणाला.

विश्रामबागेतला तो तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बाहेरून चारचौघांसारखाच होता. आत भर दुपारी पडदे ओढलेले होते. विष्णुपंतांची बायको शकुंतला सोफ्याच्या टोकाला बसली होती. दिवाळीनंतर मुलगा गेला आणि तेव्हापासून ती निम्मी झाली होती. चहाशिवाय काही घशाखाली उतरत नव्हतं. मागच्या आठवड्यात तिच्या उशीच्या अभ्र्यात साठवलेल्या झोपेच्या गोळ्या सापडल्या. त्या दिवसापासून तिची धाकटी बहीण उत्कर्षा मुक्कामाला आली होती. तिला एकटं सोडायची कुणाची छाती नव्हती.

"हा जोतीराम," विष्णुपंत म्हणाले. "उंब्रजचा. आपण गेलो तेव्हा जहाजावरच्या बारमध्ये होता."

शकुंतलाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"मला याचा चेहरा आठवत नाही."

"तिथं समद्यांचा एकसारखाच ड्रेस असतो मॅडम. चेहरा कोण बघतंय?"

ते तिला पटलं असावं. तिने त्याला समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. तो खुर्चीच्या कडेवर टेकला.

मुकुलला अठरा पूर्ण झाली म्हणून तिघंही हौसेने मुंबईहून जहाजाने निघाली होती. अठरा म्हणजे पोरगा कर्ता झाला, असं घरच्यांना वाटत होतं. जहाजाला तसं वाटत नव्हतं. दारू आणि जुगार, दोन्हींना एकवीस पूर्ण हवीत, अशी पाटीच तिथे होती. विष्णुपंतांनी आयुष्यात कधी पैसे लावून पत्ते खेळले नव्हते, पण कॅसिनोचे दिवे बघून तेही भुलले. ते आत गेले, पोरगा दाराबाहेर राहिला. मग तो बारवर गेला, तिथूनही परत आला. ऐन वाढदिवसाला त्याचं एवढंसं झालेलं तोंड आईला बघवेना. तिने वेटरला सांगून स्वतःच्या नावावर एक ग्लास मागवला आणि मुकुलपुढे सरकवला. मग ती झोपायला गेली.

सकाळी मुकुल जहाजावर नव्हता. मागच्या डेकवर कठड्यापाशी त्याची एक सँडल सापडली. तो शेवटपर्यंत सापडला नाही.

"मीच मारलं त्याला," शकुंतला म्हणाली. हे ती रोजच म्हणत होती, दूधवाल्याला दार उघडतानासुद्धा. "माझ्या हाताने दिली."

"न्हाई मॅडम." जोतीरामने मान खाली घातली. "तुमच्या एका ग्लासानं काय हुतंय? पैल्यांदा तो बारवर आला तवा परत पाठवला, ह्ये खरं हाय. पर तुमी झोपाय गेल्यावर तो परत आला. बार आवरायचा टाइम झाल्ता. म्हनला, आज वाढदिवस हाय माझा. वय ठावं असून मी दिली."

"किती?"

"चार ग्लास. पाचवा निम्मा टाकला त्यानं."

विष्णुपंत खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. पडदा ओढलेला असतानाही ते बाहेरच बघत होते.

"काय बोलत होता?" शकुंतलाने विचारलं. तिचा आवाज आता वेगळाच लागला होता.

"तुमचंच बोलत हुता. माझी आई लय चांगली हाय म्हनला. चालताना झोक जात हुता त्याचा. मी बघितलं आणि बार बंद केला. त्याला खोलीपतूर सोडाय पायजे हुतं, ते केलं न्हाई."

शकुंतला उठली. उत्कर्षा पुढे झाली, तिला तिने हाताने बाजूला केलं.

"तुला मुलं आहेत?"

"एक लेक हाय. साक्षी."

"केवढी?"

"सहावं लागलंय."

"तीही अठराची होईल," शकुंतला म्हणाली. "त्या वर्षी तू तिला शोधत फिरशील आणि ती तुला मिळणार नाही. माझा तळतळाट आहे तुला."

उत्कर्षाने डोळे मिटून घेतले. जोतीराम जागचा हलला नाही. ऐकून घेईन असं तो म्हणाला होता, आणि त्याने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. लेकरू गेलेल्या बाईचे असले शब्द अंगावर घेणं कुणाच्याही जिवावर येतं.

मग शकुंतला खाली बसली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने रडली. बरंच रडून झाल्यावर तिने पदराने तोंड पुसलं.

"माझ्या एका ग्लासाने नाही गेला तो," ती बहिणीला म्हणाली. आणि थोड्या वेळाने म्हणाली, "भात आहे का गं थोडा?"

ती जेवली. विष्णुपंतांनी ते डोळे भरून पाहिलं, आणि मगच जोतीरामला स्टँडवर सोडायला गाडी काढली.

स्टँडसमोर गाडी थांबली, तरी विष्णुपंतांनी हात स्टिअरिंगवरून काढला नाही.

"मुलीचं नाव तरी खोटं सांगायचंस," ते म्हणाले.

"सुचलंच न्हाई सर. तुमी शिकवल्यालं समदं पाठ केलं हुतं. लेकीचं त्यात न्हवतं."

जोतीराम उतरला. दार लावता लावता थांबला आणि खाली वाकला.

"सर, एक इचारू? त्या जहाजावरचा जो खरा बारवाला हुता, त्यानं नंतर किती दिल्या मुकुलला?"

"एकही नाही," विष्णुपंत म्हणाले. "मुकुल परत बारवर गेलाच नव्हता."