न निघणारे चित्र

"कुत्रा," तालगात म्हणाला आणि त्याने चांदीची चौकट एसेनबायच्या कामाच्या फळीवर ठेवली. "साहेबांच्या जागी कुत्रा."

एसेनबायने कपाळावरचा चष्मा खाली ओढला. चौकट त्याच्याच हातची होती. राष्ट्राध्यक्ष परदेशी पाहुण्यांना स्वतःचे सही केलेले चित्र अशा चौकटीत घालून भेट देत. ही दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा मंत्र्याला गेली होती. आता तिच्यात लांब कानांचा एक कुत्रा जीभ काढून बसला होता.

"आपल्या राजदूताला त्या मंत्र्याच्या दिवाणखान्यात दिसली. बिचाऱ्याने कोटाखाली लपवून आणली," तालगात म्हणाला. राजवाड्यातल्या भेटवस्तूंचा कारभार त्याच्याकडे होता, त्यामुळे हसू आले तरी हसायची सोय नव्हती. "वरून हुकूम आलाय. स्वातंत्र्यदिनाला चाळीस चौकटी. चित्र निघताच कामा नये."

"चौकट म्हटली की चित्र निघणारच. मागची फळी सरकवली की झालं."

"निघता कामा नये, उस्ता." चांदीकाम करणाऱ्या एसेनबायला सगळे उस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणत.

एसेनबायच्या बायकोने, कुंदुझने, तालगातपुढे चहाचा वाडगा आदळला. काठोकाठ भरलेला. मानाच्या पाहुण्याला दोनच घोट ओततात, पुन्हा पुन्हा विचारता यावे म्हणून. भरलेला वाडगा म्हणजे प्या आणि वाटेला लागा. तालगात मुकाट्याने प्याला आणि उठला.

"आमच्या मुरातलीचं काही कळलं?" एसेनबायने दारात विचारले. दर खेपेला विचारायचा. मुरातली त्यांचा एकुलता एक मुलगा, शाळेत इतिहास शिकवायचा. दहा मिनिटांचे काम आहे म्हणून साध्या वेशातल्या दोन पोलिसांनी त्याला वर्गातून उठवून नेले होते. त्याला तीन वर्षे झाली. मेला म्हणून रडता येत नव्हते, आहे म्हणून हसता येत नव्हते.

"चौकटी होऊ द्या. मी विचारतो."

एसेनबायने दोन दिवस डोके खाजवले. चित्र कायमचे बसवायची एकच रीत त्याला येत होती. सोव्हिएत काळात चांदीचे दागिने कुणी घालत नव्हते, तेव्हा त्याने कबरींच्या दगडांवर माणसांची चित्रे बसवून घर चालवले होते. चांदीच्या पट्टीची कड चित्रावर वळवायची आणि लहान हातोडीने ठोकत जायचे, कडेला वेणीसारखी नक्षी उठेपर्यंत. मग चित्र दगडासोबतच जाते. टेकडीवरचे अर्धे कबरस्तान त्याच्या हातचे होते.

पहिली चौकट पाहून कुंदुझच्या हातातले पीठ हातातच राहिले.

"अहो, हे तर कबरीवरचं कोंदण."

"दुसरं येतंय कुणाला?"

"जिवंत माणसाला असं ठोकलंत? कुणाच्या लक्षात आलं तर तुम्हालाही नेतील. आणि पोराचे हाल करतील ते वेगळे."

"परदेशी पाहुण्यांना काय कळतंय. आणि राजवाड्यातली माणसं कबरस्तानात जातात कशाला? त्यांना वाटतं, ते मरणारच नाहीत."

खरे सांगायचे तर तो गरजेपेक्षा थोडे जोरातच ठोकत होता. फार दिवसांनी त्याला बरे वाटत होते.

नमुना न्यायला तालगात आला. त्याने चौकट उजेडात धरली, मग कडेच्या वेणीवरून अंगठा फिरवला. एकदा, आणि पुन्हा एकदा. एसेनबाय त्या अंगठ्याकडे बघत राहिला.

"छान," तालगात म्हणाला. "सगळ्या अशाच करा."

वरही पसंत पडली म्हणे. सात आठवड्यांत चाळीस चौकटी झाल्या. प्रत्येकीत तेच जाड मानेचे, मंद हसणारे चित्र. ते आता कुणाच्या बापाला काढता येणार नव्हते.

न्यायच्या दिवशी तालगात एकटाच आला, ड्रायव्हरलाही गाडीतच ठेवून. कुंदुझने सकाळपासून तंदूर पेटवला होता. गरम रोटी तिने स्वतःच्या हाताने तोडून त्याच्यापुढे ठेवली आणि वाडग्यात दोनच घोट चहा ओतला. तालगातने वाडग्याकडे पाहिले. प्याला मात्र नाही.

"विचारलंत?" एसेनबाय म्हणाला.

"विचारलं."

त्याने वरची चौकट उचलली आणि कडेवर अंगठा ठेवला. "माझ्या वडिलांच्या दगडावरचं चित्र तुमच्याच हातचं आहे, उस्ता. दर वसंतात जाऊन हात फिरवून येतो. हे कोंदण मी पहिल्याच दिवशी ओळखलं."

एसेनबायने चष्मा कपाळावर सरकवला. "मग बोलला नाहीत?"

"काय बोलणार?"

तालगातने कोटाच्या आतल्या खिशातून एक फोटो काढला. तुरुंगाच्या कागदाला लावतात तसा, लहानसा. मुरातली होता. डोके भादरलेले, गाल आत गेलेले. कुंदुझने झडप घालून तो घेतला आणि छातीशी धरला.

"किती वाळलाय माझा राजा. पण आहे ना? कधी भेटू देतील?"

तालगातने तिच्याकडे पाहिले नाही. त्याने तिच्या हातातून फोटो हळूच सोडवून घेतला, एसेनबायच्या पुढ्यात फळीवर ठेवला, आणि शेजारी लहान हातोडी ठेवली.

"यालाही तसंच बसवा, उस्ता," तो म्हणाला. "न निघणारं."