तेरड्याची गवर

गावाच्या गायरानाला कंपनीनं भिंत घातली. पण तेरडा कुणाचं ऐकतोय? पिकली बोंडं फुटली, बी उडालं आणि पावसात तो भिंतीच्या आत पुन्हा माजला. गावाची गवर म्हणजे हीच मुळासकट उपटलेली रोपं. यंदा ती छबूबाईंच्या नातीनं, पूनमनं आणायची होती. तोंडात पाण्याची चूळ धरून, घर येईपर्यंत एक शब्द न बोलता.

रोपं घेऊन निघालेल्या पूनमला फाटकात वॉचमननं अडवलं. "कोण गं तू? कुणाला विचारून उपटलंस? बोल, नाहीतर ठेव ते खाली!"

पूनमनं चूळ सांभाळत नुसती मान हलवली. त्यानं रोपांना हात घातला, तशा बाहेर उभ्या छबूबाई पुढं धावल्या. पूनमनं रोपं छातीशी घट्ट धरली आणि चूळ थुंकून टाकली.

"गवर आली!"

"अगं, घरी पोचल्याबिगर बोलायचं न्हाई!" छबूबाई ओरडल्या.

"घरीच हाय की, आज्जे. गायरान कुणाचं?"

छबूबाईंनी कनवटीची कुंकवाची पुडी सोडली आणि घरच्या उंबऱ्यावर काढायची गवरीची पावलं कंपनीच्या फाटकातच काढायला बसल्या.