चौथी 'ब', पन्नास वर्षांनंतर

पालकसभेत बाईंनी यंदाचा वर्गफोटो दाखवला आणि एकच गलका झाला. रक्ताच्या थेंबावरून यंत्राने चौथीतल्या पोरांना थेट साठीत नेऊन बसवलं होतं.

"आमच्या चिन्मयला टक्कल?" टिपणीस कडाडले. "त्यापेक्षा भांग पाडून काढलेले जुने फोटो बरे!"

हेमांगीचं तिकडे लक्षच नव्हतं. तिच्या ऋताच्या हृदयाची दोन ऑपरेशनं झालेली. मागच्या वर्षी एका वर्गाच्या फोटोत यंत्राने एक खुर्ची रिकामी ठेवली होती. ती एकेक चेहरा पाहत गेली.

दुसऱ्या रांगेत पिकल्या केसांची, अंगाने सुटलेली एक बाई अगदी ऋतासारखी तोंड दाबून हसत होती.

"तुमच्या मुलीलाही म्हातारी करून टाकलंय की हो!" टिपणीस म्हणाले.

"हो ना," हेमांगी डोळे पुसत हसली, "चांगली गुटगुटीत म्हातारी!"