आण्णांचा आवाज

सुई बसवलेल्या दुसऱ्या कार्ट्रिजवरही आवाज फाटला. जयराजनं सुई उचलली आणि तबकडी थांबवली.

"म्हणजे जमणार नाही?" महेंद्रनं विचारलं.

"अजून एक आहे. बसा निवांत."

माधवनगरातल्या जयराजच्या दुरुस्तीच्या दुकानात सकाळपासून हे चाललं होतं. महेंद्र बनसोडे आईला, मुक्ताबाईंना, घेऊन साताऱ्याहून आला होता. सोबत नवा रेकॉर्ड प्लेअर होता, मुलगी पिंकीनं पहिल्या पगारातून घेतलेला. आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक लहान तबकडी. सहासष्ट साली निघालेली, शाहीर आण्णा बनसोडे यांची. त्यांचं एवढंच एक पद रेकॉर्ड झालं. रविवारी साताऱ्यात आण्णांच्या जन्मशताब्दीचा कार्यक्रम होता. तिथं ते वाजवायचं होतं.

"कार्यक्रमाचं राहू द्या," महेंद्र म्हणाला. "माझ्या जन्माआधीच आण्णांचा गळा गेला. गिरणीतला कापूस बसला, म्हणायचे. मी त्यांना खोकताना ऐकलंय, कुजबुजताना ऐकलंय. हाक मारलेली कधी ऐकली नाही. माझ्यासाठी बापाचा आवाज म्हणजे ही तबकडी. आणि आता तिच्यातनंही खरखरच येते."

जयराजनं डोळ्याला भिंग लावलं. जुन्या प्लेअरच्या जड सुईनं खोबणीच्या भिंती एकाच उंचीवर खरवडल्या होत्या. मधल्या लेबलवर आण्णांचा पासपोर्ट फोटो चिकटवला होता. त्याखालचं एकही छापील अक्षर दिसत नव्हतं.

"हा कुणी लावला?"

"मी," मुक्ताबाई म्हणाल्या. "तोंड दिसावं त्येंचं, म्हणून."

"स्पीड मिनिटाला तेहतीस फेरेच ना?"

"तेहतीस."

जयराजनं तिसऱ्या कार्ट्रिजची डबी उघडली. "पहिलं ह्या प्लेअरच्या दांडीला, आर्मला, मानवत नाही. आर्म जड आणि त्याच्या सुईची काडी मऊ, म्हणून सुई डुलते. दुसरं वजनाला बसलं, पण त्याचं टोक गोल. जुनी सुई जिथं घासली तिथंच तेही घासतं. ह्याचं टोक निमुळतं आहे. ते खाली जाईल. खालची भिंत कोरी आहे, तिथं अजून कुठली सुई पोचलेली नाही."

"आईनंच झिजवली," महेंद्र हसला. "रोज लावायची. आम्हाला जेवणाआधी ओळीत बसवायची."

"मग! बापाचा आवाज पोरांच्या कानात नगं?"

"अगं, पण पोरं उपाशी ना!"

"मेला न्हाईस न्हवं उपाशी?" म्हातारीनं त्याला गप्प केलं आणि जयराजकडं वळली. "आवं, ह्याच माधवनगरच्या गिरणीत आमी दोघं कामाला. मला अक्षर त्येंनी शिकवलं, बिडीच्या कागदावर लिवून. अंगठा सोडून सही करणारी आमच्या आळीतली मी पयली बाई. गिरणीच्या दारात जलसा असायचा, तितं बी मला हुबी केली. गा म्हणाले."

"लोक बोलले असतील."

"लय बोलली. पर ह्यो बाबा ऐकतोय व्हय! आज ताठ मानेनं बसलीया ती त्येंच्यामुळं."

जयराजनं चार बारीक तारा चिमट्यानं जोडल्या, स्क्रू आवळले. सुईचा दाब छोट्या काट्यावर दोनदा मोजला. मग सुई हलकेच खाली सोडली.

खरखर जवळपास गेली होती. आवाज आला खर्जातला, संथ, एकेक शब्द सावकाश ठेवत जाणारा. महेंद्र पुढं झुकून ऐकत होता. कडवं संपेपर्यंत त्याचा चेहरा ओला झाला.

"इतका स्वच्छ कधी ऐकला नव्हता," तो म्हणाला आणि त्यानं जयराजचे दोन्ही हात धरले. "भाऊ, उपकार कसे फेडू तुमचे?"

पद संपलं. शेवटी टाळ्या होत्या. आजवर त्या खरखरीतच बुडालेल्या असणार. जयराजच्या कपाळावर आठी पडली. मुक्ताबाई त्याच्याकडंच बघत होत्या.

"महेंद्र," त्या म्हणाल्या, "चौकातनं उसाचा रस आण रं. बिनबरफाचा. घसा सुकला."

महेंद्र डोळे पुसत बाहेर पडला. त्यांनी दार लागू दिलं.

"कळलं न्हवं तुमाला?"

"टाळ्या, आजी. इतक्या सावकाश टाळ्या कोण वाजवतं?" जयराज थांबला. "लहान तबकडी. ही पंचेचाळीस फेऱ्यांची असणार."

"एकदा लावा. त्यो यायच्या आत."

जयराजनं बटण फिरवलं आणि सुई ठेवली. ढोलकी धावत सुटली. तिच्यावर एका तरुण बाईचा आवाज चढला. उंच, खणखणीत, कुणाला न जुमानणारा.

जयराजनं वळून बघितलं. मुक्ताबाईंचे ओठ एकेका शब्दाबरोबर हलत होते. गाणारी जिथं श्वास घेई, तिथं त्याही घेत होत्या.

टाळ्या वाजल्या, तशा त्या उठल्या. स्वतःच्या हातानं बटण पुन्हा तेहतीसवर आणलं, जयराजपुढं हात जोडले आणि दार उघडून रस्त्याकडं हाक दिली.

"महेंद्र, ये रं लवकर! तुझ्या बापाचा आवाज परत लावत्यात."