शेजारचं झाड

व्यंकटरावांनी आधी मोठ्या करंजापुढची दमयंतीची पाटी उपटली. पाटी कसली, लोखंडी सळईला तारेने बांधलेला पत्र्याचा तुकडा, पण सहा वर्षांत जमिनीने तो असा धरला होता की बहात्तराव्या वर्षी त्यांना घाम फुटला. मग शेजारच्या गुडघाभर रोपापुढची पाटी उपटली. ती सहज हातात आली. तिच्यावर नाव होतं गोदावरी. गोदावरीची पाटी त्यांनी करंजापुढे ठोकली आणि दमयंतीची, म्हणजे स्वतःच्या बायकोची, त्या रोपापुढे. ठोकताना दोनदा मागे वळून पाहिलं. चौदा वर्षं या निसर्ग केंद्रात ते फुकट राबले होते, चोरी मात्र आज पहिल्यांदाच.

गोदावरीची आई आवडाबाई गंगापूरहून निघाली होती. मुलगी शहरात शिकायला होती, तापाने गेली. मैत्रिणींनी केंद्राच्या स्मृतिवनात तिच्या नावाने करंज लावला. त्याच पावसाळ्यात, त्याच ओळीत, व्यंकटरावांनी दमयंतीच्या नावाने लावला होता. दमयंतीचा तरारून वर आला. गोदावरीचा दुसऱ्या उन्हाळ्यात वाळला, त्याच्या जागी लावलेला वाळवीने खाल्ला, आणि आता होता तो तिसरा.

आवडाबाई दरवर्षी मुलीच्या तिथीला केंद्रात फोन करायची आणि विचारायची, केवढी झाली? फोन उचलायला व्यंकटरावांशिवाय असतंय कोण. ती पुन्हा गेली, असं त्या आईला कोणत्या तोंडाने सांगायचं? ते खिडकीतून दमयंतीचं झाड बघायचे आणि सांगायचे, कमरेएवढी झाली. पुढल्या वर्षी, खांद्याएवढी. नंतर, आता हात पुरत नाही. मापं खरी होती, प्रामाणिकपणा काय तो तेवढाच. बाई कधी आली नाही म्हणून निभावलं होतं. काल तिने कळवलं, उद्या येते.

व्यंकटरावांना वाटलं, दोन तासांचा तर प्रश्न. बाई बघेल, डोळे पुसेल, दुपारच्या एसटीने परत जाईल. संध्याकाळी पाट्या जागच्या जागी. दमयंती काही म्हणणार नाही. ती तर शेजारणींना साखर दिली की वाटीसुद्धा परत मागायची नाही.

दहाच्या सुमारास आवडाबाई आली. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, हातात कापडी पिशवी. तिने पाटीवरच्या एकेका अक्षरावर बोट ठेवून नाव वाचलं, मान वर करून शेंड्यापर्यंत पाहिलं आणि झाडाला मिठी मारली. रडली नाही. गाल खोडाला लावून हळू आवाजात बोलत राहिली. धाकट्याचं लग्न ठरलं, गाय व्याली, वेशीजवळचा रस्ता एकदाचा झाला, असं बरंच काही.

व्यंकटराव दहा पावलांवर पाण्याचा पाइप धरून उभे होते. खरं सांगायचं तर त्यांना राग आला. रोज सकाळी त्याच खोडाला टेकून ते बसायचे. भाजीत मीठ जास्त पडलं, मुलाचा फोन आला नाही, गुडघा पुन्हा दुखतोय, सगळं तिथेच सांगून मोकळे व्हायचे. घरी ऐकायला कोणी नव्हतं. परक्या बाईने आपल्या बायकोच्या गळ्यात पडायचं आणि आपण पाइप धरून बघत राहायचं, ही कसली समाजसेवा? मग राग आल्याची त्यांना लाजही वाटली.

आवडाबाईने सावलीत बसून पिशवीतली भाकरी सोडली. अर्धी त्यांच्या हातावर ठेवली. नको म्हणायची सोय नव्हती.

"काका, एक सांगू का," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुम्ही माझं मन राखायला सांगताय. वाळून गेली असंल, म्हणूनच मी इतकी वर्सं आले नाय. लई भ्याव वाटायचं. पुन्यांदा मेलेली बघायची म्हंजी…"

खरं बोलायची वेळ असलीच तर ती हीच होती. व्यंकटरावांनी बाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तोंडातला घास गिळला.

"आता दर महिन्याला येनार बघा," ती म्हणाली. "हिच्यापशी बसलं की बरं वाटतं."

संध्याकाळी पाट्या बदलण्याचा विषय तिथेच संपला. व्यंकटरावांनी मान डोलावली. उद्या सकाळी येऊन बसायचं कुठे, झाडापाशी की पाटीपाशी, हे त्यांना कळेना. कोणाला विचारावं असंही कोणी नव्हतं.

निघताना आवडाबाईचं लक्ष शेजारच्या रोपाकडे गेलं. ती वाकली. पाट्यांवर नुसतं नाव लिहायची केंद्राची रीत होती. बोट ठेवून तिने तेही वाचलं, द, म, यं, ती. रोपाच्या बुडाशी पडलेला पाला तिने हाताने बाजूला केला.

"हिचं कुणी येत नाय का वो? नवरा, लेकरं?"

"नाही," व्यंकटराव म्हणाले.

तिने पदराने पाटीवरची माती पुसली.

"भीत असतील माझ्यावानी," ती म्हणाली. "तुम्ही सांगा त्याह्यला. जित्ती हाय म्हनावं, या."

"सांगतो," व्यंकटराव म्हणाले.