साडूचा त्याग

मूल होईना म्हणून सहा वर्षांत बेकरीवाल्याच्या बायकोच्या सगळ्या तपासण्या होऊन गेल्या. शेवटी डॉक्टरांनी त्याची तपासणी केली आणि विचारलं, "दिवसभर उभे कुठे असता?"

"भट्टीसमोर."

"मग गाडं तिथंच अडलंय. सततच्या उष्णतेनं शुक्राणू कमी होतात. काही महिने गारव्यात काढा."

पण त्याला पाव भाजण्यापलीकडे काहीच येत नव्हतं. बायकोनं ही गोष्ट फोनवर बहिणीच्या कानावर घातली आणि तासाभरात बहिणीचा नवरा दारात हजर. तो बर्फाच्या कारखान्यात कामाला होता.

"साडूभाऊ, कामं बदलून घेऊ. उद्यापासून तुम्ही बर्फात, मी भट्टीवर."

बेकरीवाल्याला भरून आलं. सख्खा भाऊसुद्धा एवढं करत नाही.

"अहो, पण तिथं फार भाजतं."

"भाजू दे की," साडू म्हणाला. त्यानं कडेवरचं धाकटं दुसऱ्या कडेवर घेतलं, पायांना बिलगलेली दोघं सोडवली, जिन्यात मारामारी करणाऱ्या तिघांना दटावलं आणि मग हळूच विचारलं, "अगदी भट्टीच्या तोंडाशी जागा मिळेल ना?"