पाटलाची पायरी

"घरात माणसं किती?" गेरूचा डबा खाली ठेवत सिद्राम मास्तरांनी विचारलं. एकतीस सालची खानेसुमारी होती, आणि दारावर सत्तावीसचा आकडा त्यांनी नुकताच काढला होता.

मनुबाई उंबऱ्यात उभी होती. हातात तेलाची वाटी, ओच्यात शेंदराची पुडी.

"आधी पाटलाचं मांडा. मग माझं सांगते."

"अगं बाई, याला क्रम असतो."

"मग मीबी संगट येते."

मास्तरांनी गेरूचा डबा उचलला. तिचा नवरा भरमू महिन्यापूर्वी गेला, आणि कसा गेला ते गावाला ठाऊक होतं. कोगनोळीच्या हमरस्त्याला त्यांच्या घराण्याचा वीरगळ उभा होता. कुठल्याशा लढाईत पडलेल्या मूळपुरुषाचा कोरीव दगड. दर अवसेला भरमू त्याला तेल-शेंदूर घालायचा. आण्णाप्पा पाटलाला नव्या घरासाठी पायरी हवी होती. त्यानं बैल जुंपून दगड उपटला. भरमू आडवा गेला आणि दगड त्याच्या छातीवर आला. पाटलानं दगड तेवढा नेला, कोरलेलं तोंड खाली करून दारात बसवला. मढं गावानं उचललं. गावचा पोलीस पाटीलही तोच, मग फिर्याद कुणाकडं न्यायची?

आज अवस होती.

पाटील दारात मिशीला पीळ देत उभा होता. "या मास्तर. अकरा माणसं, मांडा."

मास्तरांनी पाय उचलायच्या आत मनुबाई पायरीपाशी बसली. तिनं तेल ओतलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत शेंदूर चोळला. घाई म्हणून नाही.

"ए, काय करतीस? त्याचं तोंड खाली हाय."

"पाठबी त्याचीच हाय न्हवं?"

पाण्याला निघालेल्या बाया थांबल्या. एकीनं घागर उतरवून हात जोडले. मास्तर वहाणा काढून चार पावलं मागं सरले. पाटलानं बाहेर यायला पाय उचलला, तसाच अधांतरी धरला आणि आत घेतला.

आतून पाटलीण म्हणाली, "अवो, म्हैन्यानं सून यायची. ती कुठनं येनार घरात?"

पाटलाचा आवाज उतरला. "मनुबाई, उद्या नेऊन लावतो जाग्यावर. माझी गाडी, माझी मानसं."

"नगं. एकदा उठवला तर माझा धनी गेला. आता बसलाय. परत उठवाल तर कुनाला घेऊन जाईल, सांगता येत न्हाय."

महिनाभर तिनं हे बोलणं तोंडात घोळवलं होतं. आज ते गुळासारखं लागलं.

मास्तरांनी खाकरून विचारलं, "पाटील, आकडा कुठं काढू? दाराशी तर येता येत नाही."

मग पाटील भिंतीकडं बघत म्हणाला, "मागल्या अंगाला या."

मागल्या अंगाला गोठ्याचं बुटकं दार होतं. मास्तरांनी चौकटीवर अठ्ठावीस काढला आणि सहीसाठी हाक मारली. पाटील शेणातून वाट काढत आला. दारात वाकला, पण पुरता वाकला नाही. तशी सवयच नव्हती. ओला गेरू त्याच्या पांढऱ्या पटक्याला माखला. मास्तरांच्या मागोमाग आलेल्या बायांनी तोंडाला पदर लावले.

मनुबाई हसली नाही. तिनं डोळे भरून पाहिलं, शेंदराचे हात लुगड्याला पुसले.

"मास्तर, आता माझं मांडा," ती म्हणाली. "सत्तावीस नंबर. मानूस एक."